हसू नका, पोटात पाणी आहे

डॉक्टरीणबाईंनी पीसीओडी, म्हणजे हार्मोन्सचा बिघाड, सांगितल्यापासून हनुवटीवरचे केस दिसू नयेत म्हणून मी ओढणी पार नाकापर्यंत घेत होते. गारखेड्यातल्या सोनोग्राफी सेंटरमध्ये पाणीसुद्धा ओढणीआडूनच प्यायले. ही तपासणी लघवी तुंबवून करतात. त्यामुळे बाकावरच्या आम्ही सगळ्याजणी पाय आवळून, श्वाससुद्धा बेतानं घेत बसलो होतो.

शेजारी देवगाव रंगारीहून आलेली एक दणकट बाई होती. तिच्या हनुवटीवर माझ्यापेक्षा राठ केस होते आणि बोलता बोलता ती त्यांना चक्क पीळ देत होती.

"तुलाबी हेच सांगितलं व्हय?" तिनं विचारलं. मी मान हलवली.

"मंग तोंड कामून झाकतीस? आमच्या मालकाला म्या म्हन्लं, गोळ्या घेते, वजनबी उतरवते. पर तुमी रोज दाढी-मिशा सफाचट करता, घरात एकाला तरी नकोत व्हय?"

अख्खा बाक हसला. "अहो, हसवू नका!" म्हणत एकजण कळवळली. मी मात्र थेट बाथरूमकडे पळाले.

झालं! नंबर गेला, पाणी पुन्हा पहिल्यापासून.

तिची तपासणी आटोपली, तरी ती माझ्याशेजारी येऊन टेकली.

"तुमची एसटी जाईल ना!"

"जाऊ दे. हसवलं म्या, तर तुझी टाकी भरंस्तोर बसायचंबी म्याच. पी."

तिनं स्वतःची बाटली पुढं केली. घटाघटा पिण्यासाठी मी ओढणी खाली घेतली. ती परत वर घ्यायचं राहूनच गेलं, आणि तिचं नाव विचारायचंही.