हिरव्या लुगड्यातला फोटो

बहात्तरच्या दुष्काळात मी नगरमधल्या एका धर्मादाय संस्थेच्या कचेरीत पत्रांचं भाषांतर करायची. परदेशातलं कुणीतरी आपल्याकडच्या एका गरीब कुटुंबाचा भार उचलायचं. त्यातून त्या घराला दर महिन्याला गहू, तेल, दुधाची भुकटी मिळायची. दर सहा महिन्यांनी त्या घरचं पत्र आणि फोटो तिकडे पाठवायचा. पत्र घरची माणसं सांगत, मी लिहून घेऊन इंग्रजीत करी. कचेरीच्या कॅमेऱ्याने फोटोही मीच काढी.

सुप्याच्या पुढच्या एका वस्तीवर माझ्याकडचं एक कुटुंब होतं. नवरा-बायको दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. दोन मुली, थोरली अकरा वर्षांची, शाळेत जाणारी. फोटो काढायचा म्हटल्यावर त्या बाईने जावेचं हिरवं लुगडं मागून आणलं, मुलींना तेल लावून घट्ट वेण्या घातल्या. फोटो छान आला.

आमच्या साहेबांनी तो पाहिला आणि बाजूला ठेवला. माणूस वाईट नव्हता. मदतीची वाट पाहणाऱ्या घरांची लांबलचक यादी त्यांच्या टेबलावर कायम असे. म्हणाले, यात ही माणसं खाऊनपिऊन सुखी दिसतात, देणाऱ्याला काय वाटेल? रोजच्या कपड्यांतला काढून आणा.

नगरला लागून असलेलं केडगाव मागे पडलं तरी एसटीतून उतरून माघारी जावं असं मला वाटत होतं. वस्तीवर पोचून मी कसंबसं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आत जाऊन ठिगळाचं लुगडं नेसून आली आणि मुलींना मात्र आतच बसवलं.

"माजा काडा," ती म्हणाली. "पोरींचा न्हाई."

तिचा एकटीचा फोटो गेला. तिकडे मदत पाठवणारी एक म्हातारी शिक्षिका होती. तिचं घाबरं पत्र आलं : मुली कुठे आहेत? त्या जिवंत आहेत ना? ते पत्र मी दिवसभर पुन्हा पुन्हा वाचत राहिले. संध्याकाळी साहेबांना न विचारता तो पहिला, हिरव्या लुगड्यातला फोटो पाकिटात घातला आणि टपालात टाकला. आपण काहीतरी सरळ केलं, असं तेव्हा वाटलं. पण रोज टपाल आलं की साहेबांच्या आधी मीच गठ्ठा चाळायची.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. मुलींना पाहून म्हातारीला फार आनंद झाला होता. या घराला चांगले दिवस आले, देवाची कृपा, असं तिने लिहिलं होतं. आता माझी मदत याहून गरजू घराला द्यावी, असंही.

हे सांगायला मीच गेले. उन्हात बायका रांगेने खडी फोडत बसल्या होत्या. तिच्या शेजारी उकिडवी बसून मी सगळं सांगितलं. तिने हातोडी खाली ठेवली.

"त्यो फोटो धाडा, असं मी म्हनले हुते का तुमाला?"

"नाही."

"मग?"

मी म्हणाले, मला वाटलं तुम्हाला आवडेल.

"मला आवडंल म्हनून माज्या पोरींचा घास घालवला तुमी," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. तिने पुन्हा हातोडी उचलली.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना खरं सांगितलं. त्यांनी टेबलावरची यादी पुढे ओढली. मग म्हणाले, दुसरा दाता शोधू, वेळ लागेल, नवा फोटो लागेल. मधे एकदा मी घरची ज्वारी पिशवीतून नेऊन दिली. तिने ती डब्यात ओतून घेतली आणि रिकामी पिशवी घडी घालून माझ्या हातात ठेवली. पाणीसुद्धा विचारलं नाही. थोरली मुलगी घरात दिसली नाही. धाकटीने सांगितलं, ती आता कामावर खडीच्या पाट्या उचलते.

नव्या फोटोला गेले तेव्हा तिने मला काही सांगूच दिलं नाही. मुलींच्या वेण्या तिने आधीच सोडून ठेवल्या होत्या. फाटके परकर घालून दोघी तिच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. थोरलीच्या तळहाताला चिंधी बांधलेली होती.

"आसं चालंल ना?" तिने विचारलं. तिने ते खरोखरच विचारलं होतं, टोमणा नव्हता. मी मान हलवली आणि बटण दाबलं. साहेबांनी तो फोटो लगेच मंजूर केला.

दिवाळीच्या आत गहू पुन्हा सुरू झाला. थोरली मात्र शाळेत परत गेली नाही. कामाची सवय लागली, शाळेत आता बसवत नाही, असं तिच्या आईने पुढच्या पत्रात लिहायला सांगितलं. ते वाक्य इंग्रजीत करताना माझा हात थांबला. साहेब गाळायला सांगतील हे मला ठाऊक होतं, आणि पाठवावं की गाळावं हेही आता मला धड कळेना. शेवटी मी एसटी पकडून तिच्याकडे गेले आणि तिलाच विचारलं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, लिवू नका." मी ते खोडलं. वर्षभरात ती नोकरी सोडली. पण कुणाला मदत करायची वेळ आली की आजही मी आधी विचारते, आणि विचारूनही मन थाऱ्यावर राहत नाही.