खारूताईचा बेत

ओळखीतले सगळे तिला खारूताई म्हणत. लहानपणी भिंत दिसली रे दिसली की ही वर, म्हणून बाबांनीच ठेवलेलं नाव. आता चाळिशीला आली, चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून दिवसभर काचा घासते, तरी नाव काही सुटलं नाही. घासलेली काच फ्रेमच्या खाचेत बेमालूम बसेपर्यंत मान वर करायची नाही, असलं तिचं काम. अशी बाई सुट्टीत डोंगर चढते म्हटल्यावर गिऱ्हाइकांना हसू यायचं. येईना का!

यंदा मात्र बेत मोठा होता. बर्फाचं शिखर. फार अवघड नाही, पण हसतखेळत जाऊन यावं असंही नाही. शेवटची चढण दोर लावूनच चढायची, आणि तिथे हवा इतकी विरळ की बुटाची नाडी बांधतानासुद्धा धाप लागावी.

आणि हा बेत आखत कोण होतं? तर बाबा! या माणसाचा सगळा जन्म बेकरीत गेला, शिडीपेक्षा उंच कधी चढला नाही. पण जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला आणि बाबांनी सूत्रं हातात घेतली. नाकात ऑक्सिजनची नळी, कोपऱ्यात मशीन घरघरतंय, आणि हे पाव कापायच्या सुरीने हिला वाटा दाखवतायत.

"पहिल्या तळावर दोन रात्री कशाला?"

"अंगाला सवय व्हायला. दिवसा वर जायचं, झोपायला परत खाली."

"म्हणजे पीठ फुगू द्यायचं. घाई केली की बसलंच! मग तीन रात्री ठेव."

"आणि रजा कोण देणार? तुम्ही?"

"तुझ्या मालकाच्या लग्नाचा केक मी केलाय. नाही म्हणून तर बघू दे!"

एवढं बोलून ते बराच वेळ टेबल धरून बसले. ती उगाच नकाशाची घडी नीट करत राहिली. पिठाच्या धुळीने छाती पोखरली होती त्यांची. जन्मभर लोकांना मऊ पाव खाऊ घातला आणि पदरात हे पडलं. जाब कुणाला विचारायचा? पिठाला?

मावशी येऊन राहायला तयार होती. दुकानातून रजाही मिळाली. तरी हिचा पाय निघेना. बाबांना तपासायला नेलं तेव्हा त्यांना बाहेर बाकावर बसवून ती काहीतरी निमित्त काढून परत आत गेली.

"मी परत येईपर्यंत ते..." तिने विचारलं.

"सांगता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काही महिने जातील. कदाचित तेवढेही नाहीत."

"आणि मी थांबले तर?"

"तर तुम्ही त्यांच्याजवळ असाल. श्वासात फरक पडणार नाही."

बाई चांगली, खोटं बोलली नाही. पण बोलली असती जरा खोटं तर काय बिघडलं असतं?

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या मागच्या दारात उभं राहून तिने चढाईच्या म्होरक्याला फोन केला आणि आपली जागा दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांगितली. "डोकं फिरलंय का तुझं? एवढा घाम गाळलास तो कशाला?" तो ओरडला. "फिरलंय," म्हणून तिने फोन ठेवला. गेलं तरी काही हातात नाही, राहिलं तरी नाही. मग निदान घरात तरी असावं, एवढंच तिला कळत होतं.

घरी गेल्या गेल्या सांगून टाकायचं ठरवलं होतं. पण दार उघडलं तर बाबा नकाशा पसरून वाट बघत बसलेले. जीभच रेटेना तिची. बसली पुन्हा त्यांच्याबरोबर. जायचंच नाही त्या डोंगरावर मोजे किती न्यायचे आणि टोस्ट किती, यावर दोघं रोज तावातावाने भांडू लागली. आतल्या आत ती झुरत होती, आणि बाबा तर नव्या उत्साहाने नवी शंका काढायचे.

अशाच एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "वर एखाद्याला श्वास पुरेनासा झाला तर काय करता गं?"

हे तिला तोंडपाठ होतं. "वाट बघत बसायचं नाही. तडक खाली उतरवायचं. थोडं खाली आणलं तरी माणसाला बरं वाटायला लागतं."

"बस? एवढंच औषध?"

"दुसरी औषधंही असतात. पण खरं औषध तेच."

बाबा हसले. "झकास! मग मला कुठे उतरवशील, खारू?"

त्यांनी नुसती थट्टा केली होती. पण हिचा बांध फुटला. "मी जात नाहीये, बाबा. जागा सोडली मी. कधीच सोडली."

बाबांचा चेहरा लाल झाला. "कुणी... कुणी सांगितलं होतं तुला... माझ्यासाठी..." टेबलावर आपटायला हात उचलला, तो न आपटताच हळूच नकाशावर टेकला. श्वास संपला होता. ओठ निळसर पडले. तिने धावत जाऊन मशीनवरचा ऑक्सिजन वाढवला आणि त्यांची पाठ चोळू लागली. राग अजून त्यांच्या डोळ्यांत तसाच होता, नुसता बाहेर पडत नव्हता.

"सावकाश, बाबा," ती म्हणत राहिली. "हवं तेवढं रागवा. मी कुठे जातेय? आधी श्वास घ्या, मग रागवा."