कोळंबीसाठी राखलेली बादली

परीक्षेला बसलो तेव्हा आमच्या विद्यापीठाचं नाव एक होतं आणि पदवी हातात पडली तेव्हा दुसरं. मधे काय काय झालं ते सगळ्या मराठवाड्याला ठाऊक आहे. माझ्या वडिलांनी त्या नव्या नावासाठी नामांतराच्या मोर्चात लाठी खाल्ली होती. त्यामुळे तो कागद घरी आला तेव्हा त्यांनी तो आधी स्वतःच्या कपाळाला लावला आणि मगच मला दिला. करमाडच्या आमच्या वस्तीतला मी पहिला ग्रॅज्युएट. बी.एस्सी., प्राणिशास्त्र. 'पहिला' हा शब्द मी अजूनही जरा ताणून उच्चारतो आणि त्याची मला लाज वाटत नाही.

आईला मात्र विषय पसंत नव्हता. "जनावरांचंच शिकायचं होतं तर घरात शेळ्या काय थोड्या होत्या?"

शहराबाहेर तेव्हा कारखान्यांच्या नव्या नव्या शेड उठत होत्या. फाईल काखेत मारून मी गेटं हिंडलो आणि औषधाच्या गोळ्या बनवणाऱ्या एका कंपनीत मुलाखत मिळाली. मॅनेजरनं कागद उलटसुलट पाहिले.

"पदवी जुन्या नावाची का नव्या?"

"नव्या."

"हं."

त्या 'हं'चा अर्थ मला कळला. मी म्हणालो, "साहेब, बेडूक तेच होते."

त्यानं मला घेतलं, पण स्टोअरमध्ये, टेम्पररी. काम काय, तर ड्रम मोजायचे. नजर माझी लॅबवर. काचेपलीकडं पांढरे कोट घालून माणसं फिरायची आणि मी इकडं हाताला खडू फासून ड्रमांवर आकडे टाकत वाट काढायचो.

अशात आमच्या शेठना परदेशात समुद्री माशांच्या टाक्या पाहून त्यांचा नाद लागला. रिसेप्शनमध्ये त्यांनी भिंतभर काचेची टाकी लावून घेतली. आत खारं पाणी, मुंबईहून आणलेले समुद्रातले दगड आणि त्यावर जिवंत प्रवाळ, जांभळं, हिरवं, फुलासारखं उघडणारं. कंपनीतल्या निम्म्या लोकांनी समुद्र पाहिला नव्हता. समुद्रच कंपनीत आला. जेवणाच्या सुट्टीत लोक डबा घेऊन काचेसमोर उभे राहायचे.

काही महिन्यांनी काचेवर नखाएवढे पांढुरके तारामासे दिसायला लागले. दगडांबरोबर आले असणार. ते प्रवाळावर चढून बसायचे आणि उतरले की खाली पांढरा डाग. मॅनेजरनं आपल्या बुद्धीनं उपाय केला. सफाईवाल्याला ब्लेड देऊन सांगितलं, दिसेल तो काप. त्यानं इमानदारीत कापले. पण हा जीव असा, की अर्धा केला तर दोन्ही अर्धे वाढून पुरे होतात. महिन्याभरात काच चांदण्यांनी भरून गेली.

शेठ वैतागले. दिवाळीनंतर बाहेरच्या देशातले पाहुणे येणार होते. "आपल्यात जनावरांचं कळणारं कुणी आहे का?" त्यांनी विचारलं. मॅनेजर हसत म्हणाला, "एक प्राणिशास्त्रवाला स्टोअरमध्ये ड्रम मोजतोय."

मला बोलावलं. शेठ म्हणाले, "हे प्रवाळ वाचव. वाचलं तर लॅबमध्ये कायम. आणि नाही वाचलं तर..."

"तर स्टोअरमध्येही जागा नाही," उरलेलं वाक्य मॅनेजरनं पुरं केलं.

"औषध टाका ना," असाही सल्ला त्यानं दिला. "आपण औषधंच बनवतो." मी सांगितलं, "ताऱ्याला मारणारं औषध प्रवाळालाही मारतं. त्याला खाणारा जीवच आणावा लागेल." असं ठामपणे सांगून टाकलं, आणि खाणारा कोण ते शोधायला विद्यापीठातल्या आमच्या सरांकडं पळालो. त्यांच्या कपाटातल्या एका जाड पुस्तकात ती सापडली. एक कोळंबी, अंगठ्याएवढी, पांढऱ्या अंगावर जांभळे-निळे ठिपके, नांग्या पानासारख्या चपट्या. खाते फक्त तारामासे. दुसरं काही नाही.

शहागंजात रंगीत मासे विकणारे एक चाचा होते. ते म्हणाले, "मुंबई से मंगाता मियाँ, जोड़ी में आती. लेकिन बड़ी नवाब चीज है, हर कुछ नक्को बोलती."

रातराणी बसनं थर्माकोलच्या डब्यात जोडी आली. नव्या पाण्यात एकदम टाकली असती तर मेली असती. म्हणून मी दवाखान्यातून सलाईनची नळी आणली आणि टाकीतलं पाणी थेंब थेंब त्यांच्या भांड्यात सोडत बसलो. गेटवरचा वॉचमन डोकावून गेला. "काय हो बी.एस्सी., ॲडमिट हाय का?"

जोडी टाकीत सोडली. दोन दिवस दगडाआड लपली. तिसऱ्या दिवशी पाहतो तर मादीनं एक तारामासा धरून चक्क उताणा केला होता आणि टोकाकडून खात होती, सावकाश, आपण भुट्टा खातो तशी. मी एकटाच टाळ्या वाजवल्या. रिसेप्शनवरच्या बाई दचकल्या.

दिवाळीपर्यंत काच साफ झाली. प्रवाळ पुन्हा फुलायला लागलं. पण मला वेगळाच घोर लागला होता. तारामासे संपले की ही जोडी खाणार काय? म्हणून मी आधीच मूठभर तारामासे वेचून टाकीमागं एका बादलीत ठेवले होते. वर हवेचा पंप, आत एक शेवाळलेला दगड. लागेल तसा एकेक काढून कोळंबीला द्यायचो.

एके दिवशी मॅनेजरनं ती बादली पाहिली आणि ती तशीच उचलून शेठच्या केबिनमध्ये नेली. मागोमाग मी.

"बघा शेठ. वर मारण्याचं सोंग अन् खाली पैदास. चांदण्या संपल्या तर याचं काम संपतं ना!"

शेठनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "साहेब अर्धं बरोबर बोलले. पाळतोय मीच. पण ही कोळंबी दुसरं काही खातच नाही. हे संपले की ती मरते."

"मरू दे की," मॅनेजर म्हणाला. "काम तर झालं तिचं."

"काम झालं की मरू दे, हे टेम्पररी माणसाला ऐकायला बरं वाटत नाही, साहेब."

बोलून गेलो. वाटलं, गेली नोकरी.

शेठ उठले. बादली घेऊन रिसेप्शनमध्ये आले आणि म्हणाले, "दाखव." मी एक तारामासा दगडाजवळ सोडला. मादी आली, तिनं मिशा हलवल्या, त्याला उताणा केला. शेठ जमिनीवर मांडी घालून काचेला नाक लावून बसले. तिथूनच म्हणाले, "आणि बादलीतले संपले तर?"

"संपत नाहीत शेठ. अर्धा केला की दोन होतात. मॅनेजरसाहेबांनीच शिकवलं."

शेठ इतके हसले की चहावाला आतून पाहायला आला. मॅनेजर हसला नाही. पाहुणे येऊन गेले आणि त्याच आठवड्यात लॅबचं पत्र निघालं, त्याच्याच सहीनं. टाकीचं काम वरून, बिनपगारी. मी कुरकुर केली नाही.

कंपनीत वर्षातून एकदा घरच्यांना आत येऊ द्यायचे. आईला आणलं. आधी पांढरा कोट दाखवला, मग लॅब दाखवली. ती नुसती "व्हय, व्हय" करत होती. टाकीपाशी मात्र थबकली. मी बादली दाखवली, कोळंबी दाखवली, सगळं समजावून सांगितलं.

"एवढुशी ही," ती म्हणाली, "अन् हिच्यापायी तू कायम झालास?"

"तसंच म्हण."

तिनं बादलीत वाकून पाहिलं. "मग यवढेच का ठिवलेस? लई ठिव की. हिला उपाशी नको मारू."

"वस्तीत काय सांगशील, पोरगा काय करतो?" मी विचारलं.

"काय सांगायचं? पोरगा लॅबात हाय," पदर सावरत ती म्हणाली. "अन् शेळ्या राखल्यात, तवा हे जमलं, हेबी सांगीन."