एका चाहत्याच्या स्वयंपाकघरातून

येलहंक्याला माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या घरी, रविवारी संध्याकाळी, सगळे जमलेले असताना टीव्हीतून माझ्या बायकोचा आवाज आला. बायको माझ्या शेजारी सोफ्यावर बसली होती आणि तिचं तोंड बंद होतं. मी हातात चिरोटा धरून होतो आणि त्याची पिठीसाखर माझ्या पँटवर पडत होती, एवढंच त्या क्षणाचं नीट आठवतं.

हे मीच घडवून आणलं होतं. कसं, ते मी अजून कुणाला धड सांगितलेलं नाही. आज सांगतो.

आमचं चिकपेटेत शिवणकामाच्या सामानाचं दुकान आहे. बटणं, चेनी, अस्तर, दोरे. आजोबांनी काढलेलं. इथं कन्नड मुलखात आमच्या तीन पिढ्या झाल्या, त्यामुळे आमची मराठी पुण्या-मुंबईकडच्या माणसाच्या कानावर पडली की तो आधी हसतो आणि मग विचारतो, "तुम्ही नक्की कुठले?" दुकानात कन्नड, बिलावर इंग्रजी, आणि घरात ही आमची, "स्वल्प सरक" आणि "सरी, येतो" म्हणणारी मराठी; 'सरी' म्हणजे बरं. या भाषेत कुणी दोन ओळी लिहील असंही मला कधी वाटलं नव्हतं.

मग एका दुपारी भाचीनं, म्हणजे अक्काच्या मुलीनं, फोनवर एक छोटी झलक पाठवली. कंपन्यांत काम करणारी चार-पाच मुलं शनिवार-रविवारी जमून, पदरचे पैसे घालून एक वेब सिरीज करत होती. त्यातली बाकीची पुण्याकडची, पण दिग्दर्शन करणारी मुलगी आमच्यातली, इथंच वाढलेली. सिरीजमधली माणसं बोलायच्या ऐवजी गात होती. झलकेत एक बाई रिक्षावाल्याशी भाड्यावरून भांडते. ती मराठीत गाते, तो कन्नडमध्ये, आणि शेवटी ती थकून म्हणते, "सरी अण्णा, स्वल्प कमी करा." अगदी माझी आई म्हणायची तसं. मी गल्ल्यावर बसून ते पुन्हा पुन्हा पाहिलं. गिऱ्हाईक येऊन उभं राहिलेलं मला दिसलंच नाही.

तेव्हापासून मी वाट बघायला लागलो. पन्नाशीच्या माणसानं असं कशाची वाट बघणं शोभत नाही, हे मला कळत होतं. ती मुलं जे काही टाकत ते मी बघत होतो. स्कूटरवर मधे उभी धरून नेलेली पेटी. कपाटात गोधड्या लावून त्यात उभं राहून गाणारा मुलगा. प्रत्येकाखाली मी एकच शब्द लिहायचो, "कधी?" नाव खोटं होतं आणि फोटोच्या जागी एका बटणाचा फोटो. सिरीज गणपतीत येणार होती, ती दिवाळीवर गेली. मग संक्रांत. मग नटाची हैदराबादला बदली झाली आणि नुसतंच "लवकरच" आलं.

मुलगा नोकरीला पुण्याला गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी फारसा बोलत नाही. स्वभाव आहे, असं मी चारचौघांत सांगत आलो. स्वभाव म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही, ही मोठी सोय आहे.

"घरच्या माणसाला एक शब्द नाही आणि फोनकडे बघून हसताय," बायको एकदा म्हणाली. "कोण आहे ती?"

"सिरीज आहे."

"आली?"

"नाही अजून."

"न आलेल्या सिरीजला हसताय! आल्यावर काय नाचणार?"

याच सुमारास त्या मुलांनी चाहत्यांना आवाहन केलं. पहिल्या भागात स्वयंपाकघराचं एक गाणं होतं, त्यासाठी खऱ्या घरांतले आवाज हवे होते. कुकरची शिटी, मिक्सर, खलबत्ता, जे असेल ते पाठवा.

बायकोचं माहेर बेळगावकडचं. तिच्या हातची ज्वारीची भाकरी म्हणजे परातीवर पडणारा ताल आहे. आणि भाकरी थापताना ती गाते. एकटी असली तरच. कुणी आत आलं की गाणं बंद. म्हणून इतकी वर्षं मी ते बाहेरच्या खोलीतून ऐकत आलो. एक्झॉस्ट फॅन घरघरत असायचा, परातीचा आवाज असायचा, आणि त्याच्या मागून चाल यायची. मला आवडायचं. ते तिला कधी सांगितलं नाही.

मी फोन चालू करून डब्यांच्या फळीवर, पोह्यांच्या डब्यामागे ठेवला आणि बाहेर येऊन पेपर उघडून बसलो. पेपर उलटा होता की सुलटा, देव जाणे. तिनं भाकऱ्या केल्या, गायली, आंघोळीला गेली, तेव्हा मी फोन काढला. दुकानात एकदा ऐकून पाहिलं. फॅनची घरघर होती, पण ताल छान आला होता. लगेच पाठवून दिलं.

दुसऱ्या आठवड्यात मी दुकानात असताना फोन आला. ती दिग्दर्शक मुलगी. आवाज आनंदानं भरलेला.

"काका, हे काय पाठवलंत! आम्ही सगळे येडे झालोय. कोण आहेत या?"

"आमच्या घरातच."

"काकू? काकूंना विचारलंय ना? आवाज वापरला तर चालेल ना त्यांना?"

"हो, विचारलंय की," मी म्हणालो.

एवढंच बोललो. फार न बोलणाऱ्या माणसाचं खोटंही लहान असतं आणि पटकन खरं वाटतं. बायको तेव्हा घरी होती, फोन करून विचारता आलं असतं. पण ती नको म्हणाली असती. आणि मला त्या सिरीजमध्ये जायचं होतं. तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता, असं मी पुढं स्वतःला सांगितलं. ते खरं नव्हतं. ज्याची मी वर्षभर वाट बघत होतो त्यात माझ्या घराचा एक तुकडा असावा, एवढीच हाव होती.

अखेर रविवार जाहीर झाला. मीच सगळ्यांना फोन केले. मी फोन करतोय म्हटल्यावर अक्का घाबरली, कुणाला काही झालं का म्हणून. "सिरीज बघायला येतोय तुझ्याकडे, टीव्ही मोठा आहे," म्हटल्यावर म्हणाली, "अय्यो, एवढंच? ये की!" बायकोनं चिरोटे केले. रस्ताभर ती मला चिडवत होती, "नवरदेवासारखा शर्ट घातलाय बघा." मी हसत होतो. ते मी शेवटचं हसलो असेन, पुढं बरेच दिवस नाही.

अक्कानं कॉफी दिली. भाचीनं फोन टीव्हीला जोडला. पडदा काळा होता, आणि त्या काळोखात थाप ऐकू आली. थप्, थप्, थप्. मग आवाज. फॅनची घरघर त्या मुलांनी कुठल्या तरी सॉफ्टवेअरनं पुसून टाकली होती. एकेक शब्द धुतल्यासारखा लख्ख.

*नणंदबाईची गं कॉफी, कपात दिसतो तळ,*
*आल्यागेल्याला पाजते, दुधाच्या नावानं जळ.*

अक्का मोकळेपणानं हसली. "कोण गं ही? ब्याद आहे अगदी!" दाजीही हसले. भाचीनं मान वळवून बायकोकडे पाहिलं. "मामी, तुझ्यासारखाच आवाज आहे गं…" आणि वाक्य तिनं अर्ध्यातच सोडलं.

*धनी माझा गं दुकानी, बटणं विकतो हजार,*
*एक लावलंय ओठाला, उघडेना दिवसभर.*

आता कुणी हसलं नाही. अक्कानं आपल्या कपात पाहिलं. टीव्हीतला आवाज चालूच होता.

*भिंतीशी बोलते बाई, भिंत तरी देते साद,*
*धन्याच्या गप्पपणाची, कुणाकडं मागू दाद.*

मग पडद्यावर अक्षरं आली: आवाज, एका चाहत्याच्या स्वयंपाकघरातून. त्यानंतर त्या बाईचं आणि रिक्षावाल्याचं भांडण सुरू झालं, ज्याच्यासाठी मी वर्षभर जीव टाकला होता. त्यातलं एक अक्षर मला आठवत नाही.

बायकोनं चिरोट्यांची बशी टीपॉयवर ठेवली. फार हळू, आवाज होऊ नये अशी.

"हे मी घरात म्हटलेलं आहे," ती म्हणाली. कुणाला उद्देशून ते कळलं नाही. मग माझ्याकडे वळली. "तुम्ही?"

मी नुसती मान डोलावली.

"माझी कॉफी पातळ असते?" अक्कानं विचारलं.

"असते," दाजी म्हणाले.

एरवी यावर हसून लोळलो असतो. अक्का उठून आत गेली. बायको तिच्यामागे गेली, आतून दबलेले आवाज आले, आणि थोड्या वेळानं दोघी डोळे पुसून बाहेर आल्या. त्यांचं काय बोलणं झालं ते मला आजही माहीत नाही. त्यांचं मिटलं. माझं राहिलं. परतीच्या टॅक्सीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती, आणि गप्प बसणारा माणूस शेजारी असला की कसं वाटतं ते मला पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवशी बेळगावहून तिच्या बहिणीचा फोन. मग महिला मंडळातल्या बायकांचे. गाणं सगळीकडे फिरत होतं, आणि ओळखीच्यांनी आवाज ओळखला होता. "काय खोडकर आहेस गं!" म्हणत होत्या. ती "हं, हं" करत होती. स्वयंपाकघरात थाप पडत होती, पण नुसतीच. एक्झॉस्ट फॅन तिनं बंद ठेवायला सुरुवात केली. फोन कुठं दडवला असणार ते तिनं ताडलं होतं; पोह्यांचा डबा फळीवरून खाली आला होता.

चौथ्या-पाचव्या दिवशी मी दारात उभा राहून म्हणालो, "काढून टाकायला सांगू का?"

"आता विचारताय?"

"चुकलं माझं."

"काय चुकलं?" तिनं हातातला गोळा परातीत ठेवला. "सांगा ना. काय चुकलं? गाणं पाठवलं ते? अहो, अक्कांसमोर तोंडावर पडले, लाज वाटली, ती गेली दोन दिवसांत. तुम्ही इतकी वर्षं बाहेर बसून ऐकत होता?"

"हो."

"आणि मी काय म्हणते ते एकदाही कळलं नाही?"

तिचा आवाज चढला नव्हता. मला वाटलं होतं ती म्हणेल, चोरून का ऐकलंत. तिचं दुखणं उलटंच निघालं. मी ऐकलंच नव्हतं. चाल ऐकत होतो. ती माझ्याबद्दल गात होती, माझ्या घरात, दहा पावलांवर, आणि ते माझ्यापर्यंत पोचायला चार अनोळखी मुलं आणि एक टीव्ही लागला.

त्याच दुपारी दुकानातून मी त्या मुलीला फोन केला. "मी खोटं बोललो होतो. विचारलं नव्हतं," म्हणालो. पहिला भाग त्याच गाण्यावर उभा आहे, लोकांना तेच आवडलंय, असं ती म्हणेल, म्हणून मी तयार होतो. ती म्हणाली, "काढते, काका. लगेच काढते." वाद नाही, रागावणं नाही. संध्याकाळी पाहिलं तर पहिला भाग गेलेला. इतक्या दिवसांची त्यांची मेहनत, माझ्या एका "हो"मुळे. खाली लोक विचारत होते: कुठे गेला? परत कधी? माझाच तो शब्द, "कधी?" मी फोन खिशात टाकला.

घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं. त्या फोनवर मी काय बोललो होतो तेही. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "त्या पोरीचा काय दोष? लावा तिला फोन. स्पीकरवर लावा."

मुलगी रडवेली झाली होती. "काकू, सॉरी. आम्ही तुमच्याशीच बोलायला हवं होतं."

"बोलतेयस की आता. हे बघ, गाणं नको. ते माझं आहे. थाप ठेव हवी तर."

"फक्त थाप?"

"थाप काय, कुणाच्याही घरची असते." मग म्हणाली, "आणि तुझी ती भांडणारी बाई चांगली आहे. रिक्षावाल्याला तिनं अजून दोन शब्द सुनवायला हवेत."

पुढच्या महिन्यात पहिला भाग परत आला. सुरुवातीला काळोखात थाप, मग त्यावर एका तरुण मुलीचं दुसरंच गाणं. अक्काकडेच पाहिलं. अक्कानं कॉफी इतकी दाट केली होती की दाजी म्हणाले, यात चमचा उभा राहील. बायको पोट धरून हसली. सिरीज खरंच चांगली आहे. मी खाली तसं लिहिलं, या वेळी स्वतःच्या नावानं.

घरी ती अजून गात नाही. मी संध्याकाळी दुकानातून आलो की स्वयंपाकघरात स्टूल घेऊन बसतो. बोलायचं काय ते मला सुचत नाही, म्हणून दुकानातलं सांगतो. अमक्या शिंप्यानं चेनी परत आणल्या, तमक्याच्या मुलीचं लग्न ठरलं. परवा ती म्हणाली, "तुम्ही इथं बसलात की मला काही सुचत नाही."

"मग बाहेर जाऊ?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

"बसा," म्हणाली.