बालाजीचंच गाणं गाळणारा प्लेअर

आधीच सांगून ठेवतो, मला भुताखेतांचं काडीचं कौतुक नाही. मी चाकणला गाड्यांचे पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये मेंटेनन्सला आहे. मशीन बंद पडलं की लोक वर टांगलेल्या लिंबू-मिरचीकडे बघतात, मी वायरिंगकडे बघतो, आणि आजवर दर वेळी मला कारण सापडलेलं आहे. म्हणूनच गेल्या खंडेनवमीला जे झालं त्याचा मला अजून राग येतो. भीती नाही... राग!

खंडेनवमीला सकाळी सगळ्यांच्या घरचे कंपनीत येतात. ज्याचं मशीन, त्याची बायको किंवा आई ते पूजते. आमच्या शॉपची आणखी एक पद्धत — प्रत्येकाने आवडीचं एक गाणं द्यायचं आणि त्याच्या मशीनची पूजा चालू असताना तेच स्पीकरवर लावायचं. ही प्लेलिस्ट पेन ड्राइव्हवर भरून प्लेअरला जोडायचं काम माझ्या गळ्यात.

बालाजी आमचा मोठ्या प्रेसवरचा ऑपरेटर, लातूरकडचा. त्याच्या वरातीत बँडने वाजवलेलं गाणं त्याने दिलं होतं. त्याची बायको सुनीता पहिल्यांदाच कंपनी बघायला आली होती. नवी साडी, हातात ताट. आमच्यात कुंकू मशीनला बाहेरून नाही लावत, आत डायला लावतात. म्हणजे वर लटकलेला, पत्रा दाबणारा काही टनांचा रॅम आणि खालची डाय, म्हणजे साचा, यांच्या मधे हात घालायचा. एरवी मशीन बंद असलं की मधे लोखंडी सेफ्टी ब्लॉक उभा करतात, रॅम घसरलाच तर त्यावर अडावा म्हणून. पण आमचे सुपरवायझर मामा, इथलेच जुने गाववाले, सकाळीच ओरडले होते, "काढा रं त्यो काळा ठोकळा! फोटोत कसा दिसंल? मशीन बंदच हाय न्हवं!" आणि पोरांनी तो काढलाही. मी स्पीकरपाशी गुंतलेलो, मला पत्ताच नाही.

बालाजीची पाळी आली. स्क्रीनवर गाण्याचं नाव आलं... आणि एकदम पुढचंच गाणं सुरू. मागे घेतलं, पुन्हा तेच. फाइल खराब म्हणावी तर माझ्या फोनवर छान वाजतेय. नाव बदलून पाहिलं, दुसऱ्या पेन ड्राइव्हवर टाकली, शफल तपासलं, प्लेअर बंद करून चालू केला. ब्लूटूथने फोन जोडायला गेलो तर प्लेअरला फोन सापडेना! बाकी सगळ्यांची गाणी वाजतात, हे एकच निसटतं. अरे, ही काय थट्टा आहे?

"काय राव, एवढी मोठी प्रेस दुरुस्त करता आन् डबड्यातलं गाणं लागंना?" मामा सगळ्यांदेखत हसले. माझं डोकंच फिरलं.

तेवढ्यात बालाजी तणतणत आला. "भाऊ, सगळ्यांचे गाणे लागले, आमचंच कामून गाळायलंय हे?"

"मला काय हौस आहे का? मोबाइलवरच लावू का?"

"मोबाइलवर नको. सगळ्यांसारखं मोठ्यानं वाजलं पाहिजे. तिला सांगून आणलंय मी."

तिकडे मामा सुनीतावहिनींना म्हणाले, "लाव पोरी कुंकू. गाणं काय, मागनं लागंल."

"थांबते की मामा. आमचं गाणं लागलं की लावते," त्या म्हणाल्या, आणि कुंकवाचं बोट तसंच धरून प्रेससमोर उभ्या राहिल्या.

मी प्लेअरला एक कचकचीत शिवी घातली आणि पुन्हा बटण दाबलं. नाव आलं, गाणं गेलं. आणि मागे दाणकन आवाज झाला. जमीन हादरली. रॅम खाली येऊन डायवर बसला होता.

वहिनींच्या हातातलं ताट कधी पडलं कुणालाच कळलं नाही. बालाजी धावत गेला, त्याने त्यांचे दोन्ही हात धरले आणि उलटेपालटे करून बघत राहिला. मग सगळ्यांसमोर लहान पोरासारखा रडला.

रॅम का पडला ते मी त्याच दुपारी शोधून काढलं. ब्रेकचं लायनिंग झिजलेलं, त्यात रॅमचं वजन तोलून धरणारी कॉम्प्रेसरची हवा पूजेसाठी बंद ठेवलेली. मामांना मी तिथेच सुनावलं. वयाचा मान ठेवला नाही आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही. फोटोसाठी ठोकळा काढतात म्हणजे काय!

मग प्लेअर घेऊन बसलो. तोच पेन ड्राइव्ह, तीच फाइल. पहिल्या झटक्यात गाणं वाजलं, अगदी शेवटपर्यंत! प्लेअर उघडला, एकेक कनेक्शन तपासलं. फॉल्ट नाही म्हणजे नाहीच. कुणी देवाचं नाव घेतं, कुणी वहिनींच्या नशिबाचं. मला दोन्ही पटत नाही, आणि योगायोग म्हणून सोडूनही देता येत नाही. तुमच्यात कुणाला कळत असेल तर सांगा, मी हात टेकले.

माझ्या डोक्यातून एकच गोष्ट जात नाही. मी कामात थोडा आणखी हुशार असतो तर ते गाणं लागलं असतं, आणि वहिनींनी हात आत घातला असता. आणि मी तर ते लागावं म्हणून जिवाचं रान करत होतो.