न्यू फॉरेस्टची गोचीड आणि माझ्या मांडीची मोजणी

इंग्लंडमध्ये मुलीच्या घरून, स्टॅनमोरहून, न्यू फॉरेस्टच्या रानात सहलीला निघालो तेव्हा गाडीत माणसं चार होती आणि तिखटमिठाच्या पुऱ्या वऱ्हाडाला पुरतील इतक्या. मुलगी मुग्धा, जावई निखिल, सहा वर्षांची नात ईरा आणि मी. सौ. गुडघ्यामुळे पुण्यातच राहिली होती. स्वतःऐवजी तिने औषधांची एक जाडजूड पिशवी माझ्याबरोबर धाडली होती.

न्यू फॉरेस्टमध्ये तट्टं रस्त्याच्या मधोमध उभी राहतात आणि गाड्या मुकाट थांबतात. एका तट्टाने निखिलच्या हातातली पुरी पळवली, तर शेजारचा इंग्रज आजोबा निखिलवरच डाफरला, "त्यांना काहीही खायला घालू नका!" तट्टाला कोणी काही बोललं नाही. मी मुग्धाच्या आग्रहाची हाफ पँट घालून ब्रॅकनमध्ये (नेच्यासारखी कंबरभर उंच झुडपं) बसलो, ईरा माझ्या मांडीवर. तिथेच कधीतरी एक गोचीड मला चावून गेली असणार. तेव्हा पत्ताही लागला नाही.

बारा दिवसांनी उजव्या मांडीवर एक लालसर कडं उमटलं. ना खाज, ना दुखणं. मी एका नजरेत निदान केलं: गजकर्ण. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलीच्या लख्ख घरात बाप गजकर्ण घेऊन आला! सौ.च्या पिशवीत मलम होतंच. ते चोपडलं आणि कोणाला न सांगता स्वतःला वाळीत टाकलं. टॉवेल वेगळा, खुर्ची वेगळी, चादर बाथटबमध्ये पायांनी तुडवून धुतलेली. ईरा मांडीवर चढायला आली की मी ताडकन उभा राहायचो.

"आजोबा, तू का उभा राहतो?"

"पाय मोकळे करतोय गं."

"ऑल डे?"

तिचा चेहरा पडायचा. पण तिला लागण झाली असती तर मी मुग्धाला तोंड दाखवू शकलो नसतो.

भूमापन खात्यात माझी हयात गेली. हद्द दिसली की खूण केल्याशिवाय चैन पडत नाही. रोज सकाळी बॉलपेनने कड्याभोवती रेघ मारायची आणि बाजूला तारीख घालायची. सहा दिवसांत सहा रेघा झाल्या. अतिक्रमण मलमाला अजिबात जुमानत नव्हतं. सहाव्या दिवशी अंगात कणकण आली, मान धरली आणि मुग्धाने मला गाठलं.

"बाबा, व्हॉट इज धिस? तुम्ही पायावर कॅलेंडर काढलंय?"

तासाभरात आम्ही जीपीकडे (इथल्या नेहमीच्या डॉक्टरकडे) होतो. डॉक्टरबाईंनी मांडी पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी शेजारच्या खोलीतून शिकाऊ डॉक्टरला बोलावलं. दोघी वाकून माझ्या तारखा वाचू लागल्या. अडुसष्ट वर्षांत माझ्या मांडीचं एवढं कौतुक कोणी केलं नव्हतं.

"ही हद्द कोणी आखली?"

"मीच," मी म्हणालो. "सरकारी मोजणीदार होतो."

त्या गोड हसल्या आणि म्हणाल्या, "हे गजकर्ण नाही, लाइम डिसीज आहे. गोचिडीच्या चाव्यातून होतो. असं पसरणारं कडं दिसलं की रक्त तपासत बसायची गरज नसते. दुर्लक्ष केलं तर सांधे धरतात, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडू शकते, क्वचित हृदयालाही त्रास होतो. तुम्ही वेळेत आलात."

डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या, एकवीस दिवस. भरपूर पाण्याबरोबर घ्यायच्या, जोडीला दूध नको, आणि ऊन टाळायचं. ही शेवटची अट इंग्लंडने माझ्या वतीने पाळली.

मला एकच विचारायचं होतं. "नातीला मांडीवर घेतलं तर?"

"खुशाल घ्या. हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही."

घरी आल्याबरोबर सोफ्यावर बसलो आणि मांडी थोपटली. "ये, ईरा."

ती दारातच उभी राहिली. "नको. आधी सगळा गोळी फिनिश कर."

"अगं, डॉक्टर म्हणाल्या, काही होत नाही."

"पण तू रोज पळायचा. मी बघितला."

मुग्धाने समजावलं, निखिलने समजावलं, मी लाडीगोडी लावली. पोर हटली नाही. सहा दिवस मी तिला जे शिकवलं होतं ते तिने नीट लक्षात ठेवलं होतं. गोळ्यांच्या आठव्या दिवशी मी पुण्याच्या परतीच्या विमानात बसलो तेव्हा तेरा दिवसांच्या गोळ्या शिल्लक होत्या. विमानतळावर तिने मला लांबूनच टाटा केला.

पुण्यात मित्र विचारतात, इंग्लंड कसं वाटलं? मी सांगतो, गवतात फिरताना पँट मोज्यांत खोचा, संध्याकाळी अंग तपासा, गोचीड दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. आणि अंगावर काही उठलं तर लाजू नका, लगेच सांगा. हे शेवटचं सांगताना माझा आवाज उगाच चढतो.

शेवटची गोळी मी व्हिडिओ कॉलवर, ईरासमोर घेतली. तिने माझी जीभसुद्धा बाहेर काढायला लावून तपासली.

"फिनिश?"

"फिनिश."

"मग आता मी बसू?"

"बस," मी म्हणालो आणि फोन मांडीवर ठेवला. तिला तिकडे फक्त आमचा छताचा पंखा दिसत असणार. पण बराच वेळ तिने फोन बंद केला नाही, आणि मीही उठलो नाही.