हिंदीच्या ढिगातली मराठी पुस्तकं

माझ्या घरातली मराठी पुस्तकं मी वाचनाच्या आवडीनं जमवली, असं लोक समजतात. समजू देत. खरं कारण एक गृहस्थ आहेत. बालीगंजमधल्या जुन्या मराठी घराण्यातले, जन्मानं इथलेच, निवृत्त, आणि इथल्या आमच्या मराठी मंडळात सगळ्यांचे काका. त्यांच्यावरच्या रागातून माझं कपाट भरलं आणि तो राग अजून उतरलेला नाही.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही नाशिकहून बंगालात, न्यू टाउनमध्ये आलो तेव्हा मुलगी अगदी लहान होती. सोसायटीत तिच्या वयाचं मराठी मूल नव्हतं. ती खाली बंगालीत भांडायची, शाळेत इंग्रजीत बोलायची आणि घरी माझ्याशी मराठीत. त्या मराठीला बंगाली वळण होतं, मला ते गोड वाटायचं. चौथीत असताना मंडळाच्या गणेशोत्सवात एक गोष्ट वाचून दाखवायचं तिनं स्वतःहून ठरवलं. आरशासमोर उभं राहून तयारी केली, परकर-पोलकं घातलं आणि स्टेजवर गेली.

काका पहिल्या रांगेत होते. पहिल्याच वाक्याला त्यांनी बसल्या जागेवरून मोठ्यानं तिचा उच्चार सुधारला. मग दुसऱ्या वाक्याला. लोक हसले. ती अडखळायला लागली तसे ते उठले, स्टेजवर गेले, तिच्या हातातला कागद काढून घेतला आणि म्हणाले, “राहू दे बाळ, तुला नाही जमणार.” उरलेली गोष्ट त्यांनी स्वतः वाचली. छान वाचली, टाळ्याही मिळाल्या. मी मोदकांचं ताट घेऊन मागे उभी होते. ते ताट त्यांच्या डोक्यात घालावंसं मला आजही वाटतं.

तरी मी गिळलं आणि दिवाळीच्या फराळाला आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा मुलीसाठी एखादं पुस्तक मागितलं. त्यांच्या दिवाणखान्यात काचेचं मोठं कपाट आहे, कुलूप लावलेलं. “आधी तिला धड वाचायला येऊ दे,” ते चकली मोडत म्हणाले, “नाहीतर नुसती पानं फाटायची.” मुलगी शेजारीच बसली होती. त्यानंतर ती घरातही मराठी बोलेनाशी झाली. मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. नाशिकच्या आजीशी फोनवर हिंदीत बोलायला लागली आणि आजी बिचारी “हां बेटा, हां बेटा” करत राहायची. माझ्या मुलीची भाषा एका माणसानं माइकसमोर काढून घेतली होती. ती मला परत हवी होती, आणि त्या माणसाला धडा शिकवायचा होता. दोन्हींतलं आधी काय हवं होतं, ते विचारू नका.

नवी पुस्तकं घरबसल्या मागवता आली असती. पण नव्या पुस्तकाबरोबर आपली कटकटही घरात येते: हात धुऊन घे, पान दुमडू नकोस. मला फाटली, तेल सांडलं, बाथरूममध्ये नेली तरी चालतील अशी पुस्तकं हवी होती. म्हणून मी गोलपार्कच्या फुटपाथवर, जुन्या पुस्तकांच्या बाजारात जायला लागले.

तिथे मराठी पुस्तकं येतात कुठून, तर आपल्याच लोकांच्या घरांतून. म्हातारी माणसं जातात, मुलं पुण्याला नाहीतर बेंगळुरूला असतात, फ्लॅट रिकामा करताना सगळं बिक्रीवाल्याला देऊन टाकतात. इथे रद्दीवाल्याला बिक्रीवाला म्हणतात. तो ती विक्रेत्यांना देतो आणि मग ती ताडपत्रीखाली दमट होत पडून राहतात. पण मागितली तर मिळत नाहीत. काकाही त्याच फुटपाथवर यायचे, हे मला एका विक्रेत्याकडून कळलं. छत्री टेकत उभे राहायचे, वाकायचे नाहीत, अस्सल बंगालीत विचारायचे, “मराठी बोई आछे?”, मराठी पुस्तकं आहेत का. विक्रेता मान हलवायचा, “ना दादा, नेइ.” तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या लेखी ही लिपी म्हणजे हिंदी. मराठी पुस्तकं सगळी हिंदीच्या ढिगात, रेल्वे भरतीच्या गाइडांखाली गाडलेली असत.

मी मराठीचं नावच काढत नसे. “हिंदी कोथाय, दादा?” एवढंच विचारायचं आणि तो दाखवेल त्या कोपऱ्यात बसकण मारायची. हाताला धूळ लागते, मांड्या भरून येतात, कधी झुरळ मनगटावरून पळतं. आणि मग दोन गाइडांच्या मध्ये एकदम “आहे” दिसतं, “नाही” दिसतं. तो आनंद चेहऱ्यावर दाखवायचा नाही. आधी स्वेटर विणायच्या पुस्तकाची किंमत विचारायची, महाग म्हणून तोंड वाकडं करायचं, आणि उठता उठता आपलं पुस्तक सहज पुढे करायचं. “निये जान, दिदि,” विक्रेता म्हणायचा, “हिंदी एखाने के पोड़े!” घेऊन जा, इथे हिंदी वाचतंय कोण. एका प्लेट फुचक्याच्या, म्हणजे इथल्या पाणीपुरीच्या पैशांत दोन पुस्तकं पिशवीत पडायची. परतीच्या बसमध्ये मी पिशवी मांडीवर घेऊन बसायचे आणि मनात काकांना म्हणायचे, बसा छत्री टेकत.

घरी पुस्तकं नुसती टाकून ठेवायची, मुलीला एका शब्दानं वाच म्हणायचं नाही, असं मी ठरवलं होतं. मला ते फार जड गेलं. पण एकदा एक कळकट रहस्यकथा तिनं जेवताना उघडली. खून झाला, संशय आला, आणि पुढची पानंच नव्हती. “खुनी कोण?” तिनं मला मराठीत विचारलं. मी वरणाचा डाव हातात धरून तशीच उभी राहिले. खुनी कोण ते मलाही माहीत नव्हतं. त्या रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघींनी मिळून तो ठरवला. पुढे ती माझ्याबरोबर गोलपार्कला यायला लागली, माझ्याहून खोल हात घालायला लागली आणि सपाट्यानं वाचायला लागली. पण घराबाहेर, मंडळात, मराठीचं अक्षर काढायची नाही. काकांसमोर तर नाहीच.

आणि मग मला तो दुसरा भाग मिळाला.

पूर्वी इथे राहिलेल्या एका मराठी गृहस्थाच्या आठवणी, दोन भागांत. पहिला काकांच्या कपाटात होता. दुसऱ्यात काकांच्या आजोबांवर लिहिलं आहे, हे ते मंडळात दर कार्यक्रमाला सांगत. पण तो भाग त्यांनी स्वतः कधी पाहिला नव्हता, आयुष्यभर शोधत होते. मला तो हिंदीच्या ढिगात, पाठीची शिवण उसवलेला मिळाला. फुटपाथवरच उकिडवं बसून मी आजोबांचं पान शोधलं. होतं, चांगलं लिहिलेलं होतं. त्या दिवशी मी घासाघीस केली नाही, मागेल ते दिलं, तरी तो सौदा मला फुकटात पडल्यासारखा वाटला.

पाडव्याच्या कार्यक्रमात श्रीखंडाची वाटी काकांच्या हातात देताना मी म्हटलं, “तुमच्या आजोबांबद्दल फार सुंदर लिहिलंय हो, काका. दुसऱ्या भागात.” चमचा वाटीतच राहिला. “तुझ्याकडे आहे?” त्यांनी विचारलं. “आमच्याकडे आहे,” मी म्हटलं आणि पुढच्या पाहुण्याला श्रीखंड वाढायला गेले.

त्याच आठवड्यात ते बालीगंजहून टॅक्सी करून आले. सोफ्याच्या कडेवर टेकले. मी चहा ठेवला आणि म्हटलं, “पुस्तक तिचं आहे, काका. तिलाच विचारा.” हे मी खूप आधीपासून घोकून ठेवलं होतं. घोकताना एक गोष्ट लक्षात आली नव्हती, की मुलगी खोलीतून बाहेरच आली नाही तर माझी सगळी फजिती. मी दाराकडे बघत राहिले.

ती आली. पुस्तक घेऊन आली, समोरच्या खुर्चीत बसली आणि मराठीत म्हणाली, “शिवण सुटलीये, त्यामुळे नेता येणार नाही. मी वाचून दाखवते.”

तिनं वाचायला सुरुवात केली. शब्दाखाली बोट ठेवून. एकेक शब्द. मध्येच थांबून, मागे जाऊन, पुन्हा पहिल्यापासून. वाटलं, या माणसासमोर पोरीचं पुन्हा तेच झालं. काकांचे ओठ हलले, पुढचा शब्द त्यांच्या जिभेवर आलेला मला दिसला. मुलगी थांबली. बोट पानावर, नजर त्यांच्यावर, चेहरा शांत. काकांनी तोंड मिटलं. तिनं वाक्य पुन्हा पहिल्यापासून घेतलं आणि तेवढ्यात पानावरून माझ्याकडे एकदा पाहिलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हीच पोर आदल्या दिवशी एका बैठकीत अर्धी कादंबरी वाचून उठली होती.

आजोबा हावड्याला उतरेपर्यंत चहावर साय धरली. काकांनी चष्मा काढून हातात घेतला होता, डोळे ओले होते, आणि ते एका शब्दानंही मध्ये बोलत नव्हते. मला दया आली असं लिहिलं तर मी चांगली दिसेन. आली नाही. मला माझ्या मुलीचा अभिमान वाटला, आणि चहा गरम करून द्यावा असं काही वाटलं नाही.

पान संपलं तशी तिनं खूण घालून पुस्तक मिटलं. “दमले मी,” ती म्हणाली. आजोबांची दीड पानं अजून बाकी होती.

काकांनी चष्मा चढवला. माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघून त्यांनी विचारलं, “पुढच्या रविवारी येऊ का गं, बाळ? तुला जमेल का?”

तिनं थोडा वेळ विचार केल्यासारखं केलं.

“बघू,” ती म्हणाली.